गाठाळ लाकडाचं धनुष्य

किनवट म्हटलं की सागवान आठवतं. दारं-खिडक्यांना त्याच्या तोडीचं लाकूड नाही, पण धनुष्याला ते फारसं कामाचं नाही. जास्त वाकवलं की कडकन मोडायची भीती. धनुष्याला चिवट लाकूड लागतं, वाकून पुन्हा जागेवर येणारं. नांदेड-लातूर भागात असं लाकूड आहे, मात्र ते सरळ क्वचितच मिळतं. बाभूळ वेडीवाकडी वाढते, बोर आखूड आणि फांद्यांचं, धावडा ठिकठिकाणी गाठाळ. सहा फूट लांब, बिनगाठीचा, सरळ रेषेचा तुकडा मिळेल तेव्हाच काम सुरू करायचं ठरवलं, तर इथं धनुष्य होणारच नाही. म्हणून हा लेख दोष असलेल्या लाकडाबद्दल आहे. त्यातलं काय चालवून घ्यायचं, काय दुरुस्त करायचं आणि कोणता तुकडा सरळ चुलीत घालायचा, एवढं कळलं तर अर्धं काम झालं.

धनुष्याचा मुलूख

माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाणाऱ्यांना महाभारताच्या अनुशासनपर्वातली गोष्ट ठाऊक असेल. जमदग्नी बाण सोडत होते आणि रेणुका धावत जाऊन ते वेचून आणत होती. उन्हानं तिचे पाय पोळले, तेव्हा जमदग्नींनी सूर्यावरच धनुष्य रोखलं आणि सूर्यानं छत्री व पादत्राणं देऊन सुटका करून घेतली. वैशाखात या भागात हिंडलेल्या कोणालाही ही गोष्ट पटावी. नांदेड शहरात सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं जपून ठेवली आहेत, त्यांत धनुष्यबाणही आहेत. गुरूंनी इथं देह ठेवला तो १७०८ साली.

राजेरजवाड्यांच्या हातातली धनुष्यं बहुधा शिंग, लाकूड आणि स्नायू सरसानं चिकटवून केलेली असत. ताकदीला जबर, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत सरस सुटायला लागतो. शस्त्रागारात वर्षानुवर्षं ठेवायची म्हणून हिंदुस्थानात पोलादी धनुष्यंही घडवली गेली, ती याच कारणानं. रानातल्या माणसाचं धनुष्य मात्र बांबूचं किंवा अखंड लाकडाचं. मोडलं तर दुसरं करायचं, जपायचा प्रश्न नाही. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात गोंड, कोलाम, आंध, परधान या समाजांची वस्ती आहे आणि त्यांतले कोलाम बांबूकामासाठी ओळखले जातात. आपला विषय आहे तो असा साधा, एकाच लाकडाचा तीरकामठा.

कोणतं झाड

पहिलं नाव धामणीचं. पानझडी जंगलातलं हे झाड संस्कृतात धनुर्वृक्ष म्हणूनच नोंदलेलं आहे. लाकूड लवचीक आणि चिवट, म्हणून कुऱ्हाडीचे दांडे, कावडीच्या काठ्या याच्याच करतात. त्याच्या खालोखाल धावडा. तोही दांड्यांना आणि बैलगाडीच्या कामाला वापरला जातो. जड असतो, पण ताण सोसतो. लातूरकडे आलं की जंगल जवळजवळ संपतं आणि उरतात बांधावरची झाडं. त्यांत बाभूळ सगळ्यांत भरवशाची. बोरीचं लाकूडही चांगलं, पण लांब तुकडा मिळत नाही. कडुनिंब आणि चिंच यांच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यामुळे फोडताना लाकूड भलतीकडेच फाटतं. नवख्यानं त्यांच्या वाटेला जाऊ नये.

बांबू हा वेगळा प्रकार, त्याच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

इथंच कायद्याचं सांगून टाकतो. राखीव जंगलातून फांदीसुद्धा परवानगीशिवाय आणता येत नाही. खासगी जमिनीवरच्या काही झाडांसाठीही महाराष्ट्रात १९६४चा वृक्षतोड नियंत्रण कायदा आहे. साग, तिवस, खैर, चिंच, आंबा, मोह, जांभूळ ही झाडं त्याच्या अनुसूचीत येतात. तेव्हा झाड स्वतःचं असलं तरी तोडण्याआधी तलाठ्याला किंवा वनखात्याला विचारून घ्यावं. धनुष्यासाठी अख्खं झाड पाडायची गरज कधीच नसते. मनगटापेक्षा थोडी जाड, जेमतेम सहा फूट लांब फांदी किंवा खुंटातून फुटलेला जुना धुमारा पुरतो.

सुताराची नजर

गावचा सुतार लाकडी नांगर करायचा तेव्हा सरळ ओंडका घेऊन त्यातून बाक कापत बसायचा नाही. हव्या त्या कोनात मुळातच वाकलेली बाभूळ तो शोधायचा. सरळ लाकडातून बाक कापला तर वळणावर लाकडाच्या उभ्या रेषा तुटतात आणि पहिल्याच ढेकळाला नांगर तिथं मोडतो. मुळातच वाकलेल्या बाभळीत रेषाही लाकडाबरोबर वळलेल्या असतात. वाकडं झाड म्हणजे टाकाऊ झाड, हा हिशेब वखारीचा आहे, सुताराचा नाही.

धनुष्यालाही हाच नियम, फक्त अधिक कडक. नांगराला एक धक्का सोसायचा असतो. धनुष्य प्रत्येक बाणाला वाकतं आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचा प्रत्येक तंतू ताणला जातो. तंतू मध्येच कापला गेला तर त्याच जागी ढलपी उचलते. म्हणून धनुष्याची आखणी दोरीनं किंवा पट्टीनं करायची नाही, तर लाकडाच्या रेषेमागून जायचं. रेषा डावीकडे वळली तर धनुष्यही डावीकडे वळेल. दिसायला ते सापासारखं नागमोडी होईल. होऊ द्या.

त्यासाठी लाकूड शक्यतो करवतीनं चिरू नये, पाचरी ठोकून फोडावं. करवत सरळ जाते आणि रेषा कापते. पाचर रेषेच्या वाटेनंच जाते. फोडलेला पृष्ठभाग ओबडधोबड दिसतो, पण झाडाच्या आत रेषा कशा जातात हे तोच दाखवतो.

दोषांची झडती

दोष एका जातीचे नसतात. बाजूला वाकलेलं लाकूड हा जवळजवळ दोष नाहीच. मूठ आणि दोन्ही टोकं एका ओळीत आली, म्हणजे दोरी मुठीवरून गेली की झालं. ओळ चुकत असेल तर ती उष्णतेनं सरळ करता येते. वाफेवर धरायचं असेल तर एक इंच जाडीला साधारण एक तास, हा जुना अंदाज. नाहीतर निखाऱ्यावर तेल लावून हळूहळू तापवायचं आणि गरम असतानाच शिकंज्यात आवळून थंड होऊ द्यायचं. लाठ्या करणारे बांबू आगीवर फिरवून सरळ करतात, तीच ही रीत. ओल्या लाकडावर कोरड्या आचेचा प्रयोग करू नये, ते तडकतं.

पीळ म्हणजे रेषा खोडाभोवती फिरत जाणं. थोडा पीळ चालतो. मुठीपासून टोकापर्यंत पाव वेढ्याहून जास्त असेल तर तुकडा सोडून द्यावा.

आता गाठी. गाठ म्हणजे खोडात गाडली गेलेली फांदी. ती फांदी तोडेपर्यंत जिवंत असेल तर गाठ भोवतीच्या लाकडाला घट्ट बिलगलेली असते आणि रेषा तिला वळसा घालून जातात, नदीचं पाणी खडकाला वळसा घालतं तशा. या वळशाला हात लावायचा नाही, एवढंच पथ्य. गाठ पाठीवर, म्हणजे धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला, आली तर ती कापून सपाट करू नये. उंचवटा तसाच राहू द्यावा आणि भोवती बोटभर जास्त लाकूड ठेवावं. १५४५ साली बुडालेलं मेरी रोझ हे इंग्रजी लढाऊ जहाज १९८२ साली समुद्रातून वर काढलं, तेव्हा त्यात शंभराहून अधिक धनुष्यं निघाली. यू झाडाच्या त्या धनुष्यांवरही गाठींचे उंचवटे असेच राखलेले दिसतात. राजाच्या सैन्यासाठी पारखून घेतलेल्या लाकडालाही गाठी होत्या, मग आपल्या बाभळीला का लाजायचं?

मेलेली गाठ वेगळी. ती काळी पडलेली असते, भोवती सालीचं कडं असतं आणि बोटानं दाबली तर हलते. ती भुजेच्या, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंतच्या भागाच्या, अगदी मधोमध असेल तर वाचवता येते. सैल भाग टोकदार पटाशीनं खरवडून पूर्ण काढायचा, कुजकं लाकूड जराही ठेवायचं नाही. खड्ड्यात त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि एपॉक्सी यांचा लगदा दाबून भरायचा आणि त्या जागी भुजा दोन्ही बाजूंनी थोडी रुंद सोडायची. भरलेला लगदा ताण घेत नाही, तो फक्त भोक चेपू देत नाही. ताण घेतं ते बाजूंचं लाकूड. म्हणूनच मेलेली गाठ काठावर आली तर उपाय नाही. तिथं एका बाजूला लाकूडच उरत नाही.

चिरांचंही असंच. वाळताना पडलेली, रेषेच्या दिशेनं जाणारी उभी चीर बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. तिच्यात पातळ सरस मुरवून दोऱ्यानं आवळलं की भागतं. चीर तिरकी होऊन काठातून बाहेर पडत असेल, तर मात्र तिथूनच धनुष्य मोडणार. आडवी सुरकुती दिसली तर लाकूड आधीच दबून मोडलेलं आहे असं समजावं. वादळात वाकलेल्या झाडांत हे सापडतं. कुज असेल तर विचारच करू नये. नखानं खरवडल्यावर लाकूड सुतळीसारखं न सुटता भुसभुशीत तुटलं, की ती कुज.

भिरूड लागलेल्या बाभळीबद्दल नेहमी विचारलं जातं. बाभळीचं बाहेरचं पांढरं लाकूड किडीला फार आवडतं, आतला तांबूस गाभा तितका नाही. भोकं पांढऱ्या भागातच असतील तर तो भाग तासून गाभ्याचं धनुष्य करता येतं. पण मग पाठ नव्यानं घडवावी लागते आणि बाभळीची वार्षिक वलयं स्पष्ट दिसत नसल्यानं ते काम नवख्याच्या आवाक्यातलं नाही. त्यापेक्षा कीड लागण्याआधीच साल काढणं सोपं. जुने लोक बाभळीचे ओंडके काही महिने तळ्यात बुडवून ठेवत, तेही किडीपासून वाचवण्यासाठीच.

तोडणी आणि वाळवण

फांदी थंडीत तोडावी. तोडल्यावर दोन्ही टोकांना त्याच दिवशी मेण, सरस किंवा उरलेला ऑइलपेंट फासावा. टोकांतून पाणी भराभर उडतं आणि तिथूनच चिरा आत शिरतात. मराठवाड्यात हे विसरलं तर आठवड्यात लाकूड हातभर फाटतं.

अख्खा ओंडका वाळायला वर्ष लागतं. म्हणून तो आधी फोडावा, साल काढावी आणि धनुष्याचा ढोबळ आकार काढून मगच सावलीत, हवेशीर जागी आडवा ठेवावा. पत्र्याखाली नको. वाळलं की नाही हे ओळखायची खात्रीची युक्ती म्हणजे किराणा दुकानातला काटा. दर दोन-तीन दिवसांनी वजन लिहून ठेवायचं. ते उतरायचं थांबलं की लाकूड हवेशी जुळलं. धनुष्याला आठ ते दहा टक्के ओल बरी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की लाकूड प्रमाणाबाहेर वाळून ठिसूळ होतं. पावसाळ्यात उलट, ते मऊ पडतं आणि वाकलं की वाकलेलंच राहतं. शेवटची घडण दिवाळीनंतर ते माघापर्यंत करावी, असं माझं मत.

पाठ, पोट आणि जाडीचा हिशेब

निशाणाकडची बाजू ती पाठ, तिरंदाजाकडची ते पोट. पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. सालीखालचा पहिला अखंड पृष्ठभाग हीच सगळ्यात उत्तम पाठ. साल बोथट कडेनं खरवडून काढायची, कुऱ्हाड लावायची नाही. यापुढे पाठीला हत्यार लागता कामा नये. जे काय लाकूड काढायचं ते पोटातून.

जाडीबद्दल एक हिशेब डोक्यात पक्का बसवायला हवा. रुंदी दहा टक्क्यांनी कमी केली तर भुजेचा ताठपणा दहाच टक्क्यांनी घटतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर तो सत्तावीस टक्क्यांनी घटतो, कारण जाडीचा परिणाम घनाच्या प्रमाणात होतो. सदोष लाकडाला याचा फायदा करून द्यायचा: भुजा रुंद आणि पातळ ठेवायची, म्हणजे ताण जास्त तंतूंत वाटला जातो. निर्दोष लाकडाला दीड इंच रुंदी पुरत असेल तर गाठाळ लाकडाला दोन इंच द्यावी. लांबीही सढळ हातानं. बाण सव्वीस इंच ओढणाऱ्यासाठी साडेपाच फुटांचं धनुष्य चालतं, पण लाकडात दोष असतील तर पावणेसहा फूट ठेवावं.

हत्यारं साधीच: कुऱ्हाड, वाकस, रंधा, कानस आणि खरवडायला पोलादी पात्याचा तुकडा. गाठीजवळ रंधा फिरवू नये, तो रेषा उचकटतो. तिथं कानसच.

वाक जमवणं

खरी कसोटी इथं आहे आणि सगळ्यात जास्त धनुष्यंही इथंच मोडतात. मूठ खांबाच्या वरच्या टोकाला आडव्या खोबणीत टेकवायची, टोकांना लांब सैल दोरी लावायची आणि तिला अडकवलेला दोर कप्पीतून ओढायचा. मधे हुकाचा ताणकाटा लावला की किती किलोवर धनुष्य किती वाकलं ते समजतं. मागच्या भिंतीवर कोळशानं आडव्या रेघा मारल्या तर दोन्ही भुजांचा फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

जिथं जास्त वाकतं तिथं हात लावायचा नाही. जिथं वाकत नाही तिथलं लाकूड पोटातून खरवडायचं. पाच-दहा वेळा पातं फिरवायचं, मग धनुष्य वीस-तीस वेळा हलकंच ओढायचं आणि पुन्हा बघायचं. खरवडल्यावर लाकूड लगेच बदल दाखवत नाही, त्याला हलवून जागं करावं लागतं. घाईचा मनुष्य न थांबता पुन्हा खरवडतो आणि मग एकाच जागी बिजागरी तयार होते. दोष दिसल्यावर त्याहून पुढे ओढू नये. आधी तो दुरुस्त करावा.

नागमोडी लाकडात डोळा फसतो. वाकलेलं धनुष्य गोल कमान दिसायला हवं अशी आपली सवय असते, पण ज्याच्यात मुळातच बाक आहे ते तसं दिसणारच नाही. म्हणून न वाकवलेल्या स्थितीत त्याची बाह्यरेषा भिंतीवर उतरवून घ्यावी आणि प्रत्येक ठिकाणी त्या रेषेपासून ते किती हललं एवढंच मोजावं. गाठीभोवतीचा भाग थोडा ताठच राहू द्यावा. दोन ताठ गाठींच्या मधला पट्टा मात्र एकटाच जास्त वाकतो, त्याच्यावर बारीक नजर हवी.

खालची भुजा वरचीपेक्षा किंचित ताठ ठेवतात. पहिलं धनुष्य पंचवीस ते तीस पाउंडांचं, म्हणजे अकरा ते चौदा किलो ओढीचं असावं. त्याहून जड करण्याच्या हौसेत गाठाळ लाकूड हमखास हातचं जातं.

दोरी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि स्नायू यांची नावं येतात. रुई आणि ताग आजही आपल्या रानात आहेत. हौस असेल तर रुईच्या वाळलेल्या फांद्यांच्या सालीतून रेशमासारखा तंतू निघतो, मात्र दोरी होण्याइतका काढायला भरपूर वेळ आणि धीर लागतो. रोजच्या वापराला पॉलिस्टरचा मजबूत दोरा अनेक पदरी वळून घ्यावा. दोरीची ताकद धनुष्याच्या ओढीच्या किमान चौपट हवी. चढवल्यावर दोरी आणि मूठ यांत सहा इंचांच्या आसपास अंतर राहायला हवं.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-चार हात. लातूरकडच्या माणसाला जवस कुठून आणायचं हे सांगायला नको.

बांबूची वाट

लाकूड नकोच म्हणणाऱ्यांना बांबू आहे. त्याला वलयं नसतात. सगळी ताकद बाहेरच्या कडक सालीलगत एकवटलेली असते, म्हणून ती बाजू पाठीला ठेवून आतला मऊ भाग पोटातून काढतात. मानवेल जातीचा भरीव बांबू यासाठी उत्तम. काठी किमान तीन वर्षांची हवी. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त, त्याला भुंगा लागतो आणि तो लगेच ढिला पडतो. इथला दोष म्हणजे पेरं. पेराजवळ बाहेरून घासून सपाट केलं की तंतू कापले जातात, तेव्हा बाहेरचा उंचवटा राखून आतला पडदाच तेवढा खरवडायचा.

२०१७ साली वनकायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला, त्यामुळे शेतातला बांबू तोडायला आता अडचण नाही. औसा तालुक्यातल्या लोदग्याचे पाशा पटेल गेली काही वर्षं बांबू लागवडीचा धोशा लावून आहेत. त्यामुळे लातूर भागात बांबू मिळणंही पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. तिरंदाजीच्या राष्ट्रीय स्पर्धांत इंडियन राउंड नावाचा प्रकार बांबूच्या धनुष्यांवर खेळला जातो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचा हात त्याच्यावरच बसतो.

मोडलं तर

तुकडे लगेच फेकू नका, मोड वाचा. पाठीवर लांब ढलप्या उचलल्या असतील तर रेषा कापली गेली होती किंवा लाकूड फार वाळलं होतं. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या असतील तर भुजा अरुंद होती, दाब सोसला नाही. मोड गाठीतून गेला असेल तर तिच्याभोवती लाकूड कमी सोडलं होतं. पुढचा तुकडा निवडताना हेच उपयोगी पडतं.

बाण न लावता ओढून सोडू नये, चांगलं धनुष्यही त्यानं फुटतं. काम झालं की दोरी उतरवून ठेवावी. १९७२च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे, तेव्हा निशाण गवताच्या पेंढीचंच, आणि तिच्यामागे वाट किंवा वस्ती नको. लाकडासाठी नवं झाड तोडू नका. पौष-माघात शेतकरी बांधावरच्या बाभळी छाटतात आणि फांद्या सरपणात जातात. त्याआधी जाऊन ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ठेवा, एखादी सहा फुटी फांदी तो नक्की बाजूला काढून ठेवेल.